मामांच्या वाडीची झडती

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या नागावात नाही, आणि नागावात हट्टी माणसांची काही वानवा नाही. त्यांची नारळाची वाडी म्हणजे त्यांचं स्वतंत्र संस्थान. आत शिरायचं तर फाटकापाशी चपला काढा, मोबाइल बंद करा आणि माडाच्या शेंड्याकडे बोट दाखवू नका! मामांना ऐकू येत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक, फक्त मामांना मान्य नाही. कानाचं यंत्र आणून दिलं तर म्हणाले, "लोकांना नीट बोलायला शिकवा, माझे कान बरे हायेत."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांना लागूनच सासूबाईंच्या वाट्याची वाडी आहे, ती आम्ही बघतो. सोंड्या भुंग्याने तिथले दोन माड आतून पोखरून आडवे केले आणि माझं डोकंच फिरलं. कीड येत होती मामांच्या विहिरीजवळच्या माडातून. त्याचा शेंडा पिवळा पडलेला आंधळ्यालाही दिसला असता. पण तो मामींनी लावलेला, आणि मामी आता नाहीत, त्यामुळे बोलायची सोय नाही. शेवटी मामांना तोंडावर सांगूनच मी तक्रार केली. कृषी खात्याच्या मॅडमना मामांनी फाटकावरूनच पिटाळलं, तेव्हा त्या तपासणीचं वॉरंट आणि हवालदार घेऊन आल्या. "जावयबापू, माझ्या वाडीत पोलीस आनलेत? लाज हाय का तुमाला?" शिव्या देतानाही हा माणूस जावयाचा मान सोडत नाही, त्याचा तर मला जास्तच संताप येतो.

मॅडमनी निमूट चपला काढल्या आणि त्या माडाला कान लावला. "मामा, आत अळ्या कुरतडतायत. तुम्हीच ऐका."

मामांनी कान लावून डोळे मिटले. "काय न्हाय. खोटं बोलताय तुमी."

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही!" मी भर वाडीत ओरडलो. हे मात्र त्यांना ऐकू गेलं.

मॅडमनी कोयत्याने खोडाचा ढलपा उडवला. आत बोटाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. मामांनी वाकून पाहिलं. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "रोज सकाळी कान लावून बघायचो मी. बरा हाय, म्हनायचो."

माड तोडला, जाळला. माझा राग काही अजून पुरता गेलेला नाही. पण हल्ली रोज सकाळी मामा स्वतः फाटक उघडून मला आत नेतात, एकेका माडापाशी उभं करतात आणि म्हणतात, "ऐका, जावयबापू. खरं सांगा." मी खोडाला कान लावतो, आणि मामा माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात.