हुरड्याचा रंग

आमच्या पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत कुणी भुताखेताचं काढलं, की चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसणारी बाई मी. बी.कॉम. झालेली, उपास न करणारी, अमावस्या कधी येते-जाते ते माहीत नसणारी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच थोडं विचित्र वाटतंय. पण झालं ते असं झालं...

आम्ही बीडला राहतो. घर बांधून बरीच वर्षं झाली होती, पण रंग कधी लावला नव्हता. सिमेंटच्या भिंतींची सवयच झाली होती. मग त्या मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात यांनी मनावर घेतलं, आणि त्याचं कारण होत्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या केजकडच्या आमच्या गावी एकट्याच राहायच्या. विहीर आटलेली, रान मोकळं पडलेलं. गावच्या दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती, तिथे आपल्या दोन गाई घेऊन त्या पत्र्याखाली मुक्काम ठोकून होत्या. यांचं म्हणणं, मधली खोली छान रंगवू, पडदे लावू, म्हणजे आई येईल तरी.

एका रविवारी शेडकार्ड घेऊन आम्ही छावणीवर गेलो. यांना हवा होता ग्रे. कारखान्याच्या कुठल्याशा डायरेक्टरच्या बंगल्यात यांनी तो पाहिला होता. एक भिंत गडद, बाकीच्या फिक्या. मोबाईलवर फोटोही काढून आणला होता.

आत्याबाईंनी फोटो लांब धरून पाहिला.

"ही तर राख हाय," त्या म्हणाल्या.

"आई, आजकाल हाच चालतो. क्लासी दिसतो," हे म्हणाले.

"आरं, हितं उठल्यापासून निजेपर्यंत ह्योच रंग बघायली मी. रान तसंच, झाडं तशीच, गाईच्या पाठीबी तशाच झाल्या. तिकडं येऊन बी हेच बघायचं, तर बीडला कावून यायचं?"

मी शेडकार्ड पुढे केलं. त्यांनी सगळे हिरवे बोटाने चाचपले आणि मान हलवली. "ह्यातला एक बी न्हाई. हुरड्याचा पायजे. कवळ्या ज्वारीचा. डोळ्याला गार वाटंल असा."

परतताना गाडीत हे हसत होते. "हुरड्याचा म्हणे! कोण लावतं?" मी म्हटलं, खोली त्यांची आहे, लावू की. पण दुसऱ्या दिवशी यांनी मुजीबभाईंच्या दुकानात ग्रेच सांगून टाकला. त्यावरून आमचं थोडं वाजलंही. मुजीबभाई आमच्या नेहमीच्या ओळखीचे. गावाकडच्या रंगाच्या डब्यापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच. आत्याबाईंनी मात्र ते दुकान कधी पाहिलं नव्हतं. बीडला आल्या तरी स्टँडवरून घर आणि घरून स्टँड, बास.

त्याच आठवड्यात छावणीवरून फोन आला. आत्याबाई गाईला पेंढी टाकताना कोसळल्या. ऊन लागलं होतं. तिथून अंबाजोगाई जवळ, म्हणून संस्थेच्या माणसांनी त्यांना तिकडेच हलवलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. सलाईन चालू होतं, अंगावर ओल्या चादरी. डॉक्टर म्हणाले, "वय आहे. अंगातलं पाणी खूप गेलंय. वाट बघू." एवढंच. ती रात्र यांनी आईचा हात धरून काढली. एकदाच बोलले, "ग्रेचा उगंच हट्ट धरला गं मी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी व्हरांड्यात बसले होते. मोबाईल वाजला. मुजीबभाई.

"वहिनी, बुरा नका मानू, पण विचारून घ्यावं म्हटलं. मिक्स केलेला रंग आमाला परत घेता येत न्हाई. तुमच्या सासूबाईंनी ग्रे कॅन्सल केला ना... तो नवा रंग घरी पाठवून देऊ का?"

"कुणी कॅन्सल केला?"

"तुमच्या सासूबाईंनी. आत्ताच गेल्या की. दत्ताच्या घराचा, मधल्या खोलीचा म्हणाल्या. राख लावू नको म्हणाल्या. शेडकार्डातला एक पण पसंत न्हाई, हुरड्याचा पायजे म्हणाल्या. चार वेळा पिवळा वाढवायला लावला हो मला! पण रंग निघाला एकदम झकास."

मी उठून उभी राहिले. ते बोलतच होते. "लई थकलेल्या वाटल्या. बाहेरच्या माठातलं पाणी दिलं, दोन तांबे गटागटा प्याल्या. रिक्षा बघतो म्हटलं, तर म्हणाल्या, लांब जायचंय, जाते माझी मी."

लांब जायचंय.

मी कशावर विश्वास ठेवत नाही हे वर लिहिलंय. पण त्या क्षणी मला एकच अर्थ कळला. फोन तसाच हातात धरून मी वॉर्डकडे पळाले. मधे कुणाचा तरी डबा माझ्या पायाने उडाला, मागून शिव्या आल्या, मी थांबले नाही. दारात पोचले. हे कॉटवर वाकलेले होते, मागून फक्त खांदे दिसत होते, आणि ते हलत होते. मला वाटलं, संपलं.

हे वळले. डोळे भरलेले, पण चेहऱ्यावर हसू. "सुनंदा, डोळे उघडले बघ आईनं!"

मी तिथेच जमिनीवर बसले.

सिस्टर आल्या, डॉक्टरांना बोलावलं. आत्याबाई मान वळवून सगळ्यांकडे बघत होत्या. सिस्टरनी कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावला आणि म्हणाल्या, "तहान लागली असेल ना आजी? थोडं थोडं देऊ हं."

आत्याबाईंनी मान हलवली. आवाज अगदी खोल, पण स्पष्ट. "पिले की मी पानी."

"कुठं प्यालात?" मी विचारलं.

"माठाचं व्हतं. लई गार," एवढं बोलून त्या पुन्हा झोपल्या. ही झोप साधी होती, डॉक्टरही म्हणाले.

फोनचं मी यांना संध्याकाळी सांगितलं. यांनी लगेच मुजीबभाईंना लावला आणि सगळं पुन्हा विचारून घेतलं. तेच उत्तर. दुकानात कॅमेरा नव्हता. नेसणं विचारलं तर म्हणाले, हिरवं लुगडं, जुनं, खांद्याशी ठिगळ. कोसळल्या तेव्हा आत्याबाईंच्या अंगावर तेच होतं, आणि त्या वेळी ते आमच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं. छावणीवरून कुणी बीडला गेलं असेल, कुणी गंमत केली असेल... सगळं विचारून झालं. हुरड्याची गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणाच्या कानावर गेलेलीच नव्हती.

शेवटी हे मुजीबभाईंना पुन्हा फोन लावून म्हणाले, "पाठवून द्या घरी. पेंटरला सांगतो."

आत्याबाई बऱ्या झाल्या. गाई चुलत दिरांनी सांभाळायला घेतल्या आणि त्या बीडला आल्या. खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "शाना झाला गं माझा दत्ता," म्हणाल्या. दुकानाबद्दल विचारलं तर त्यांना काही आठवत नव्हतं. छावणीत गाईपुढे वाकल्या आणि डोळे उघडले ते दवाखान्यात, बास. पाण्याचंही आठवत नव्हतं.

पुढे दाराच्या ऑइलपेंटसाठी मी मुद्दाम त्यांना सोबत नेलं. गल्ल्यावर मुजीबभाई होते. आम्हाला बघताच उठून उभे राहिले, स्टूल पुसून पुढे केलं.

"या आजी! लागला का मनासारखा रंग?"

आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "कोन हाय गं ह्यो? वळखीचं बोलतोय."

मी मुजीबभाईंना नजरेने गप्प केलं. नंतर एकट्यात त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कानाला लावले, आणि मग म्हणाले, "वहिनी, मी हातानं तांब्या दिला हो त्यांच्या हातात."

याचा उलगडा आजही आमच्याकडे नाही. कुणाला सुचला तर जरूर लिहा, पण खरं सांगू? आता मला तो फारसा नकोही आहे. माणूस परत आलं, ते पुरे झालं. फक्त एक सवय लागलीय. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, आत्याबाई मधल्या खोलीत आडव्या होतात, तेव्हा हातातलं काम टाकून मी एकदा तरी दारातून डोकावते. आत आहेत ना, एवढंच बघते.

असतात. घोरत असतात चांगल्या.