हातावरचा प्रसाद

परवा शेजारी सत्यनारायण होता. आरती झाल्यावर काकूंनी प्रत्येकाच्या हातावर गरम शिरा ठेवला. माझ्या बाजूला बसलेल्या नंदानं तो डोळ्यांना लावला, आपल्या आईच्या हातावर ठेवला आणि हात धुवायला उठली.

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. चिमूटभरानं काय होतंय?" काकू म्हणाल्या.

नंदाला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हाचा, म्हणजे शिऱ्यातल्या रव्याचाही, कण पोटात गेला तरी तिचं शरीर तिच्याच आतड्यांवर उलटतं. औषधांवर संशोधन चाललंय म्हणे, पण आज तरी गहू सोडणं हाच उपाय. हे कळलं तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. तोवर सगळ्यांच्या लेखी ती नुसतीच अशक्त, खाण्याची नाटकं करणारी पोर होती.

प्रसाद न खाल्ल्याचं देव समजून घेईल. पण आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे पानात वाढायचं, आणि नको म्हटलं तरी वाढायचं. त्या मायेनं आता करायचं काय?

नंदाची आई हातातल्या शिऱ्याकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, "अंगी लागावं म्हणून हिला बळेबळे तूप-पोळी भरवायचे मी. पोट दुखतं म्हणून रडायची. मी म्हणायचे, जेवत नाहीस म्हणून दुखतं."

तेवढ्यात नंदा हात पुसत परत आली आणि आईजवळ टेकली.

"खा ना आई, गार होतोय. एवढा एक घास."

आईला तो घास गिळवेना.