खांड पडली त्या सकाळी

जोमाकाका गेले ही खबर मला गोदीत कळली. गावचा एक माणूस गेटावर येऊन थांबला होता. "तुजा काका गेला रं," तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "बरं." बरं! बाप मेल्यावर ज्या चुलत्यानं वाढवलं तो गेला, आणि माझ्या तोंडून हा शब्द. मग जागेवर जाऊन अर्धा राहिलेला चहा संपवला, रजेचा अर्ज लिहिला, एकही खाडाखोड न करता. त्याला आता सव्वा महिना झाला. लोक विचारतात, रडलास की नाही? नाही रडलो. का ते मलाही ठाऊक नाही... हात बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं काहीतरी.

आमचं गाव खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीकाठचं. उधाणाचं पाणी वर आणि आमची भाताची शेतं खाली, मधे मातीचा बांध. बांधाला एक लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघडायची, पावसाचं साचलेलं पाणी खाडीत सोडायचं. भरती यायच्या आत बंद करायची. हे काम काकांकडे होतं. लग्नकार्यात काका शेवटच्या भातापर्यंत जेवले असं कुणी कधी पाहिलं नाही; भरतीची वेळ झाली की वाढलेल्या पानावरून उठायचे. काकी म्हणायची, "तुमचं लगीन माज्याशी लागलं का त्या दाराशी?" काका हसायचे नाहीत. हसणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. पण मला शाळेसाठी अलिबागला ठेवायचं म्हणून स्वतःचा बैल विकला तो याच माणसानं, आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

स्वराज्य येऊन दोन-चार वर्षं झाली असतील. गावातली तरणी माणसं एकेक करून मुंबईच्या गिरणीत चालली होती. भात आठ महिने पोटाला पुरायचं, उरलेल्या चार महिन्यांचं काय, हा प्रश्न घरोघरी होता. मी मॅट्रिक झालो, आमच्या आळीतला पहिला, आणि भादव्यात मला गोदीतून कारकुनाच्या जागेचं बोलावणं आलं. अमुक दिवशी हजर व्हा, न आल्यास जागा दुसऱ्याला. एकच दिवस. काकीनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. मला तर दोन रात्री झोप नाही. ती जागा हुकली असती तर मी आज कुठे असतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता गावचा कायदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बांध फुटला, त्याला खांड पडली म्हणतात. खांड पडली की जो बघेल त्यानं गावात येऊन हाळी द्यायची. हाळी ऐकली की मिसरूड फुटलेल्या प्रत्येक बाप्यानं बांधावर जायचं, आणि खांड बुजेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. मग घरात मयत असो की मंगलकार्य. कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन-तीन वर्षं तिथे भात होत नाही.

त्या सकाळी काका बांधावरून आले ते गुडघाभर चिखलात माखलेले. त्यात नवल काही नव्हतं. "आवर, लाँच चुकंल," म्हणाले. तास-दीड तासाची वाट, माझी पेटी त्यांच्या डोक्यावर. धक्क्यावर मी पाया पडलो तर म्हणाले, "जा. मागं बघू नको." मी बघितलंच. लाँच वळेपर्यंत उभे होते. मला वाटलं, केवढी ही माया!

आठ दिवसांनी पत्र आलं की खांड पडली, दुपारच्या भरतीनं ती फाकवली आणि पोटरीला आलेलं भात सगळं खाऱ्या पाण्यात गेलं. मी यायला निघालो तर काकांचा निरोप : येऊ नको, चाकरी धर. पुढल्या उधाणात बांध आणखी गेला. शेताच्या जागी खाडीतली तिवरं उगवली. आळीच्या आळी पांगली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत हमालीला, कुणी उरणच्या मिठागरावर. उरलेल्यांनी दोन-तीन वर्षांनी थोडकी जमीन आतून बांध घालून वाचवली, पण नव्या उघाडीवर काकांना नाही ठेवलं. मला संताप आला. शिमग्याला गेलो होतो तेव्हा गावच्या पदू पाटलाला चारचौघांत विचारलं, "जन्मभर राखण केली त्या माणसाला काढता? माणुसकी काही आहे की नाही?" पाटील तंबाखू मळत राहिला. काकांनीच मला दंडाला धरून घरी आणलं. "गप बस. तुला काय कलतं?"

मग काकाही मिठागरावर गेले. भेटायला गेलो की खाडीचं पाणी मिठागरात घेण्याची तोंडं उघडताना दिसायचे. एकदाच म्हणाले, "जलमभर ह्याला भाईर ठेवला, आता ह्याला आत घ्यायचा पगार घेतो." तेवढंच. मी त्यांना मुंबईला चला म्हणायचो. ते म्हणायचे, बघू.

परवा काकांचं काकांचं बारावं झालं, पाहुणे गेले. काकी उंबऱ्याशी बसली होती. म्हणाली, "आता सांगितलं तर चालंल. पहाटं त्यांनी खांड बघितली व्हती. हातभर व्हती. तवाच हाळी दिली असती तर ओहोटीत बुजली असती. घरी आलं, तू सदरा घालत व्हतास. माज्याकडं बघितलं न् गप ऱ्हायलं. तुला लाँचीत बसवला, न् मंग येऊन हाळी दिली. तवर भरती लागली व्हती."

मी विचारलं, "गावाला कधी कळलं?"

"त्याच सांजचं. देवलासमोर उभं ऱ्हाऊन त्यांनीच सांगितलं. गावाकडं येकच मागितलं, पोराला सांगू नका."

मला काकांचा राग आला. हो, रागच आला! कुणी सांगितलं होतं? अख्ख्या आळीचं भात माझ्या एका जागेपायी? आणि ज्यांचं गेलं ते पदू पाटलासकट एवढी वर्षं माझं ऐकून घेत गप्प बसले, मी त्यांनाच माणुसकी शिकवत होतो... राग आला, आणि त्यापुढे काहीच आलं नाही. अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी लाँचीपर्यंत पाटीलच सोबत आला. वाटेत मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं विचारलं, "चाकरी बरी हाय ना?"

"हाय."

"नीट कर. ती तुज्या येकट्याची न्हाय."

रागानं नाही म्हणाला. जपून जा म्हणतात, तसं म्हणाला.

परवा मला ताप होता. बायको म्हणाली, "एक दिवस खाडा झाला तर काय आभाळ कोसळतं?" मी डबा उचलला आणि कामावर गेलो.