लाल दिवा आणि देवाचा कौल

सिओक-गिम वहिनी सकाळी आमच्या गल्लीत अंड्याच्या पोळ्या विकते. पण जत्रेच्या दिवशी देवळाचा जुना कॅमेरा खांद्यावर घेतला, की देवस्थानाचे अध्यक्ष लिआओसुद्धा तिला वचकून असतात. म्हणजे, असायला हवेत. गेल्या वर्षी त्यांनी चालू कॅमेऱ्यातून कार्ड खस्सकन ओढलं आणि पडद्यावर मिरवणुकीऐवजी हिरवे-जांभळे चौकोन नाचले! तेव्हापासून वहिनीचा नियम: कार्ड काढण्याआधी देवाला कौल लावायचा. कार्डावर चित्रण उतरेपर्यंत कॅमेऱ्यावर लुकलुकणारा लाल दिवा अध्यक्षांना कळत नाही, देव कळतो.

यंदा तिचे सासरे पालखीपुढे अनवाणी निखाऱ्यांवरून धावले. पुढच्या वर्षी गुडघे ऐकणार नाहीत, हे त्यांनीच जाहीर केलेलं. "जन्मभर धावलो, पण दिसतो कसा ते कधी बघितलं नाही," म्हणत म्हातारबुवा राखेनं माखलेल्या पायांनीच देवळाच्या अंगणातल्या पडद्यासमोर पहिल्या खुर्चीत बसले. त्यांची ती धाव फक्त त्या एका कार्डात होती. मी प्रोजेक्टर लावून तयार.

"वहिनी, काढा ना कार्ड! जत्रेच्या जेवणाचं सूप थंड होतंय!" अध्यक्ष ओरडले.

"दिवा लुकलुकतोय, अध्यक्ष. कॅमेरा अजून लिहितोय."

"लिहितोय काय, कादंबरी? आणा इकडे!"

त्यांचा हात कॅमेऱ्यापर्यंत पोचला. वहिनीनं झटकन खिशातून कौलाचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे काढले, डोळे मिटून ओठ हलवले आणि फरशीवर टाकले.

एक पालथा, एक उताणा. देवाचा स्वच्छ होकार!

टाळ्या, फटाके, ढोल! दिवा मात्र अजून लुकलुकतच होता.

"देव हो म्हणाला! आता काढा!"

"म्हणाला ना? मी त्याला विचारलं होतं, 'थांबू का?'"

अध्यक्षांचा हात हवेतच राहिला. सासरे खुर्चीत गदागदा हलून हसले. "सूनबाई, आणि नाही म्हणाला असता तर?"

"तर पुन्हा विचारलं असतं, बाबा. देवाला कुठं सूप प्यायचंय!"

तेवढ्यात दिवा विझला. वहिनीनं कॅमेरा बंद केला, कार्ड हलकेच दाबून बाहेर काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

पडद्यावर निखारे फुलले, धूर उठला, आणि त्यातून पालखीच्या पुढं एक वाळका म्हातारा सुसाट सुटला. बाबा खुर्चीवरून ताडकन उठले.

"अरे, हा तर मी!" आणि मग मुठी आवळून, अख्ख्या अंगणाच्या वर आवाज चढवून: "पळ, म्हाताऱ्या, पळ!"