चमचाभर जाडं मीठ

गेल्या रविवारी इथल्या, जबलपूरच्या गोरखपूर भागात वहिनीकडे गेले होते. जिना चढून आत पाय ठेवला तर घरात वेगळाच वास. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही. लिंबाच्या सालीवर कुणी मध चोळावा तसा. वासाच्या मागे मागे गॅलरीत गेले. तिथे वहिनीच्या नातीनं तारेला एक कुंडी टांगलेली होती. कुंडीत माती नव्हती, कोळशाचे तुकडे होते, आणि काठावरून रुपेरी मुळं बाहेर लोंबत होती. फूल मी नंतर पाहिलं. आधी मुळं ओळखली आणि तिथल्याच स्टुलावर बसले. घरचे समजले, गुडघे दुखत असतील. गुडघे दुखतातच, पण त्यासाठी नव्हते बसले. जे झाड मी एकदा मारलं, त्याच्या फुलाला असा वास असतो हे मला वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी कळलं.

झाडांवर जीव लावणारी माणसं मायाळू असतात, असं आपण झाडंवाले एकमेकांना सांगत असतो. तुम्हीही कुणाला तरी सांगितलं असेल. माझा त्यावर विश्वास नाही, कारण मी अण्णांची मुलगी आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. प्रांत तुटून नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. त्यांचा एक शाळासोबती जंगलखात्यात होता, त्याची बदली अंदमानला झाली. सुटीवर येताना तो बिस्किटाच्या डब्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून हे ऑर्किड घेऊन आला. निकोबारच्या कुठल्याशा बेटावरचं. तिथेही सहजासहजी सापडत नाही म्हणाला. आई बोलून गेली, हे तर आपलं बांडगूळ दिसतं. त्यावर अण्णा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

त्या झाडाचे लाड काय सांगू. माती चालत नाही, म्हणून कोळसा आणि विटांचे तुकडे. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांखाली रांजण भरून ठेवायचे आणि ते पाणी जेठ महिन्यापर्यंत पुरवायचं. ऊन चालत नाही, काळोख चालत नाही. आणि आमचं जबलपूर म्हणजे एप्रिल लागला की लूचे गरम वारे सुरू, दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. घरात खसची टट्टी, म्हणजे पाणी मारायचा वाळ्याचा पडदा, एकच होती. झाड आलं त्या उन्हाळ्यापासून ती व्हरांड्यात झाडाला लागली. त्याच वर्षी आईला ऊन लागून आठवडाभर ताप होता. ती आतल्या खोलीत कपाळावर ओला पंचा घेऊन पडून राहिली आणि मी तिकडे टट्टीवर बादल्या ओतत राहिले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आईलाही नाही. एवढं करून झाड चार वर्षं नुसती पानं दाखवत राहिलं.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. माझ्याहून एका वर्षानं मोठी, वर्ध्याजवळच्या खेड्यातली, मॅट्रिक पास. मी त्याच वर्षी मॅट्रिक नापास झाले होते, गणितात. लक्षात घ्या, इथूनच सगळं सुरू होतं.

आमच्या मूळ गावाकडे सुना सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेत, पण बोलत. जबलपुरात आजूबाजूच्या घरांचं पाहून आमच्यात त्यावर कडी झाली. सुनेनं सासऱ्याशी बोलायचंच नाही. काही सांगायचं असेल तर मध्ये तिसरं माणूस हवं. अण्णा व्हरांड्यात, वहिनी स्वयंपाकघरात, मधली खोली सात पावलांची, आणि ती सात पावलं चालायचं काम माझं. ‘सांग तिला, आज भाकरी कर.’ ‘त्यांना सांगा, ज्वारी संपली आहे.’ जरा मोठा आवाज तिकडून इकडे ऐकू येत नसे असं नाही, पण ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं धरायचं आणि माझ्या तोंडून येईल ते खरं मानायचं. हसू येतं आता. त्या घरात मला तेवढीच किंमत होती, ती मात्र पुरेपूर होती.

पंधरवड्यातच अण्णांनी झाड तिच्याकडे दिलं. मी पाणी घालायला विसरायची, हे खरं आहे. ती विसरायची नाही. फॅक्टरीचा पहिला भोंगा व्हायच्या आत उठून कुंडी रांजणाच्या पाण्यात बुडवायची, मुळं रुपेरीची हिरवी झाली की वर काढायची, कापसाच्या बोळ्यानं एकेक पान पुसायची. आणि पुढच्या फाल्गुनात त्या मेल्या झाडानं पानांच्या बेचक्यातून एक हिरवी काडी बाहेर काढली. तिच्यावर सात कळ्या. अण्णा कचेरीला जायचं विसरून तिच्यासमोर उभे होते. मला म्हणाले, ‘सुनेच्या हाताला गुण आहे. तू हात लावलास तर निवडुंगही वाळेल.’ मग म्हणाले, ‘सांग तिला, पहिलं फूल उमललं की फॉर्मवर सही करतो.’

फॉर्म मास्तरणीच्या ट्रेनिंगचा होता. वहिनीनं तो लग्नाच्या पेटीतून आणला होता, गीतेच्या पुस्तकात घालून. सासऱ्याची संमती असल्याशिवाय पाठवता येत नव्हता. ते ट्रेनिंग झालं असतं तर तिला मुलींच्या शाळेत नोकरी लागली असती, स्वतःची छत्री घेऊन ती सकाळी घराबाहेर पडली असती. हे मला ठाऊक होतं, कारण छत्रीचा रंगसुद्धा तिनं मला सांगून ठेवला होता. अण्णांचा तो निरोप मी पोचवला. तिनं हातातली कणीक तशीच ठेवून माझ्या दोन्ही गालांना हात लावले. पिठाचे हात. मी तोंड धुवायला गेले तेव्हा माझ्या मनात काय होतं ते इतक्या वर्षांनी गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तिचं वाटोळं व्हावं असं होतं.

चैत्रात कळ्या फुगल्या आणि थांबल्या. आठ दिवस झाले, दहा झाले, तशाच. वहिनी काकुळतीला आली. दुपारी मला म्हणाली, ‘ताई, अण्णांना विचारा ना, कळ्या फुलून नाही राहिल्या काहून?’ मी मधल्या खोलीपर्यंत गेले. अण्णा व्हरांड्यात चहा पीत होते, त्यांची पाठ मला दिसत होती. मी दाराआड उभी राहिले, विचारून यायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग परत आले आणि म्हणाले, ‘अण्णा म्हणतात, समुद्राकाठचं झाड आहे, त्याला खारं पाणी लागतं. रोज संध्याकाळी चमचाभर मीठ घालत जा.’

आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता म्हणेल, असं कसं? म्हणजे मी हसले असते आणि थट्टेवारी गेलं असतं. पण सासऱ्यांचा शब्द. तिनं विचारलं, ‘जाडं की बारीक?’

मी म्हटलं, ‘जाडं.’

ती मीठ पाण्यात विरघळवायची, मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायची आणि अण्णा संध्याकाळी फिरायला गेले की मुळांवर हळूहळू सोडायची. मी पाहत असायची. एकदा तर चमचा मीच काढून दिला. आठ दिवसांत मुळांची हिरवी टोकं तपकिरी पडली, मग पानांचे शेंडे काळे. मग कळ्या पिवळ्या होऊन गळायला लागल्या. तिनं त्या एका बशीत गोळा केल्या. घाबरून ती आणखी मन लावून मीठ घालू लागली. रोज मला वाटे, आज सांगू, अजून वेळ आहे, साध्या पाण्यानं धुतलं तर वाचेल. वेळ होता. चांगला पंधरा दिवस होता.

वर्षअखेरच्या हिशेबांतून डोकं वर काढून एका रविवारी अण्णांनी झाड नीट पाहिलं. आवाज चढला नाही त्यांचा, तो कधीच चढत नसे. मला म्हणाले, ‘विचार तिला, काय केलं तिनं झाडाचं?’ मी सात पावलं गेले. वहिनी चुलीपाशी उभी होती, पदर दातात. पुटपुटली, ‘त्यांना सांगा, त्यांनी सांगितलं तसंच केलं. एकच दिवस मीठ घालायचं राहिलं, पाहुणे आले होते तेव्हा. माझंच चुकलं.’ मी सात पावलं परत आले आणि हळूच सांगितलं, ‘ती म्हणते, तिला काही ठाऊक नाही.’ तेव्हा अण्णा म्हणाले, ‘एक झाड नाही सांभाळता आलं, चाळीस लेकरं काय सांभाळणार? सांग तिला, तो फॉर्म चुलीत घाल.’

हा निरोप मात्र मी जसाच्या तसा पोचवला. काना-मात्रा इकडची तिकडे केली नाही. आणि तिनं, सासऱ्यांनी सांगितलं म्हणून, गीतेच्या पुस्तकातून फॉर्म काढला आणि खरोखर चुलीत घातला. त्यावर पोळ्या झाल्या, आम्ही जेवलो. ती रडली असती तर मी कबूल केलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. नसतं केलं.

दुसऱ्या वर्षी मी मॅट्रिक पास झाले. गणितात बावन्न गुण. दुपारचं आवरलं की वहिनी मला घेऊन बसायची, पाटीवर एकेक उदाहरण तीन-तीनदा सोडवून दाखवायची. कंटाळायची नाही, चुकलं तर हसायची नाही. फार चांगली मास्तरीण झाली असती ती, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माझं लग्न इटारसीला झालं. पुढे आई गेली. मग अण्णांना अर्धांगवायू झाला, आणि दादानं पत्रात लिहिलं की आता चालीरीती बाजूला ठेवून तुझी वहिनीच त्यांचं सगळं करते, दोघं बोलतातही. मिळेल ती गाडी पकडून मी माहेरी धावले. सासरी सगळे म्हणाले, बापावर केवढा जीव. मी त्या दोघांचं बोलणं सुरू झालं म्हणून धावले होते. दीड महिना राहिले, वहिनी खोलीत गेली की पाठोपाठ जायची. कधीतरी एक जण म्हणेल ‘मीठ’ आणि दुसरं म्हणेल ‘कसलं मीठ?’ म्हणून कान टवकारून बसायची. ते बोलायचे औषधाबद्दल, पेजेबद्दल, चादरीबद्दल. झाडाचं नाव दोघांनीही काढलं नाही, एकमेकांना लागेल म्हणून. अण्णा गेले तेव्हा मी खूप रडले, आणि त्यात थोडी सुटका होती हेही आता लिहूनच टाकते.

तर गेल्या रविवारी गॅलरीत मी स्टुलावर, वहिनी काठी टेकत दारात. ऐंशी झाली, डोळ्यांना कमी दिसतं. नातीला मराठी कळतं, बोलते हिंदीच. उत्साहानं सांगू लागली, ‘दादी, ये निकोबार का है, कितनी मुश्किल से मिला.’ वहिनीनं डोळे बारीक करून कुंडीकडे पाहिलं. मग आत वळून म्हणाली, ‘थांब, मी मीठ घेऊन येते.’

‘नमक? पौधे में?’

‘समुद्राचं झाड आहे बाई ते, त्याला मीठ लागते. माझे सासरे सांगत. एक दिवस मीठ घालायचं विसरली मी, म्हणून गेलं त्यांचं झाड. विचार हिला, हिच्यासमोरची गोष्ट आहे.’

एक दिवस विसरली म्हणून. साठ वर्षं ही बाई एका न घातलेल्या चमच्याचा दोष पदरात बांधून हिंडते आहे, आणि मी तिच्या घरी चहा पिऊन येते. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा यायची नाही, हे मला दिसत होतं. तोंड उघडलं तेव्हा खरंच वाटलं होतं की सांगणार. मी म्हणाले, ‘आजकाल मीठ घालूनच देतात, वहिनी. त्या कोळशातच असतं.’

‘अच्छा?’ ती म्हणाली. ‘बरं करतात. विसरायची भीती नाही.’

नातीनं माझ्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, ‘बहुत अच्छा सँभाला आपने, बुआ दादी.’ पोरीला वाटलं, मी म्हातारीचं मन राखलं.

वहिनी मग काठी भिंतीला लावून फुलाजवळ गेली, अगदी नाक टेकवून उभी राहिली, बराच वेळ. तिनंही तो वास त्या दिवशीच पहिल्यांदा घेतला. वळली तेव्हा तिचा चेहरा पिठाच्या हातांच्या त्या दुपारसारखा झाला होता. जुन्या सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ताई, अण्णांना सांगायला पाहिजे होतं, फूल आलं म्हणून.’

घर विकलं गेलं, ती सात पावलांची खोली पाडून तिथे दुकानं झाली. निरोप घेणारे अण्णा गेले. मधली मी तेवढी राहिले आहे, आणि वहिनी अजून मलाच निरोप देते. परतताना रिक्षात वाटत होतं, हा निरोप तरी मी जसाच्या तसा पोचवला असता. मग वाटलं, कोण जाणे.