हाताचं खरं धरायचं
माझ्या नणंदेला, आमच्या ताईला, लोकांच्या आवडीनिवडी शोधून काढण्याचा पगार मिळतो. बिस्किटं, साबण, चहाची पावडर असलं काही बाजारात यायच्या आधी तिच्या ऑफिसात येतं. माणसाला टेबलाशी बसवायचं, समोर दोन बिननावाच्या बशा ठेवायच्या आणि तो कुठली उचलतो ते लिहून घ्यायचं, हे काम ती पंचवीस वर्षं करते आहे. त्यात अर्थशास्त्र शिकलेली, मग काय विचारता! म्हणते, समाधान मोजता येत नाही, निवड तेवढी दिसते. पहिलं बिस्किट माणूस आनंदाने खातो, चौथं भिडेखातर, आणि दोन्ही वेळा "छान" म्हणतो. म्हणून तोंडाचं ऐकायचं नाही, हाताचं खरं धरायचं.

हे खूळ तिने घरीही आणलं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिने मला दोन साबण हुंगायला दिले. मी चिडून दोन्ही ठेवून घेतले. तेव्हापासून आमचं सख्य बेताचंच.

सासरे तिच्याकडेच राहायचे. बापलेकीचं मेतकूट चांगलं जमलेलं. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. मान हलवायचे, पण होला नाही आणि नाहीला हो. आम्ही सगळ्यांनी हात टेकले. ताईने मात्र ट्रे काढला. चहा आणि दूध समोर ठेवलं. बाबांचा डावा हात दुधाकडे गेला. जन्मभर दुधाला नाक मुरडणारा माणूस! "झटक्यानंतर आवडी बदलतात," ताई म्हणाली आणि चहा बंद झाला. वर्तमानपत्र आणि रेडिओ ठेवला, तर हात वर्तमानपत्राकडे गेला आणि रेडिओ बंद झाला.

पुढे तिच्या मनाने घेतलं की दिवसभर कामवाल्या बाईच्या भरवशावर राहणं बाबांना आवडतंय का, तेही विचारावं. तिने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, एक तिच्या घराचा, एक आमच्या घराचा. बाबांनी आमच्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्यांना घेऊन ती आमच्या दारात आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "त्यांनाच इथे यायचंय," म्हणाली. "मी कोण अडवणार?" आमचे हे फुशारले. शेवटी मुलगाच, म्हणाले. मला मात्र ते जड गेलं, खोटं कशाला बोलू? आमच्या दोन खोल्या, त्यातली एक त्यांची झाली. बाबा भिंतीकडे बघत बसायचे. ताटातला अर्धा भाग तसाच टाकायचे. "किती ते नखरे!" मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. आज ते आठवलं की मान खाली जाते.

तीन महिन्यांनी एका दुपारी ताई धापा टाकत आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"वहिनी, मी बाजू बदलल्याच नाहीत गं!"

ऑफिसात नवी मुलगी लागली होती. ती दर वेळी तीच बशी डावीकडे ठेवत होती. लोकांचा हात सवयीने एकाच बाजूला जातो, म्हणून दर माणसाला जागा बदलायची, असं ताई तिला रागावून सांगत होती, आणि सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं. घरचा ट्रे तिने रोज एकसारखाच लावला होता.

तिने चहा बाबांच्या डावीकडे ठेवला, दूध उजवीकडे. बाबांनी चहा उचलला आणि घोट घोट पीत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने दूध डावीकडे आणि चहाचा नवा कप उजवीकडे ठेवला. हात दुधाकडे गेला. मी सकाळचं अर्धवट ताट आणून फिरवून ठेवलं. ते उरलेलं जेवू लागले.

"त्यांना उजवीकडचं दिसतच नाही, ताई," मी म्हणाले. तिने ओंजळीत तोंड लपवलं.

तेवढ्यात हे बाहेरून आले. "काय चाललंय?"

ताईने डोळे पुसले. पर्समधून ते दोन फोटो काढले, स्वतःच्या घराचा डावीकडे ठेवला आणि आमचा उजवीकडे. बाबांनी तिच्या घरावर हात ठेवला.

"अच्छा," ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता त्यांना तुझ्याकडे यायचंय?"

या उत्तराला काडीची किंमत नव्हती. ते तिला कळत होतं, मलाही. दोन्ही फोटो डावीकडेच वरखाली ठेवून तिला नीट विचारता आलं असतं. पण काय उत्तर येईल याची तिला भीती होती. मला भीती नव्हती. मला माझी खोली हवी होती.

"हो," ताई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्यांचे कपडे कुठे आहेत?"

मी उठून बॅग काढली.