शिंप्याच्या कुत्र्याचा कोंडा

बारकी माझी सख्खी धाकटी बहीण. तिला सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं. कुत्र्यांना आंघोळ घालायचं तेवढं तिचं ती शिकली. पण तिच्यासारखा हात अख्ख्या गावात कोणाचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या पुढच्या खोलीत एक टब, एक उंच टेबल आणि खुंटीवर टॉवेल, एवढंच तिचं दुकान.

एकदा आमच्या गल्लीतला शिंपी त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, भुऱ्याला, घेऊन आला. तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, याचं काहीतरी करा. वकिलाच्या काळ्या कोटावर याचा कोंडा पडला. गिऱ्हाईक कोट टाकून गेलं. बायको म्हणते, पुढच्या कोटावर एक कण दिसला तर हा तिच्या भावाच्या गोडाऊनवर. तिथे साखळीला बांधतील हो याला!"

मी म्हणालो, "बारके, घाल टबात आणि काढ चोळून."

"दादा, तू जरा गप्प बस."

तिने शिंप्याकडून काळ्या कापडाची चिंधी मागवली, त्यावर भुऱ्याला उभं केलं आणि ब्रश फिरवला. मग ती चिंधी खिडकीत नेऊन टक लावून बघत बसली.

"काय बघतेस?"

"कोंडा चालतोय का ते."

मी हसलो. "कोंडा कधी चालतो होय?"

"चालला तर तो कोंडा नाही, किडे. मग आधी डॉक्टर."

नाही चालला. तिने केस बाजूला करून कातडी बघितली, हुंगली. लाल चट्टा नाही, वास नाही. नुसती कोरडी ठाक.

"आंघोळ कधी घालता?"

"रोज! कपड्याच्या साबणाने, घासून घासून. कोंडा जावा म्हणून."

"आणि झोपतो कुठे?"

"इस्त्रीच्या टेबलाखाली. ऊब मिळते त्याला."

"म्हणजे रोज धुता आणि वर इस्त्री करता! अहो, कातडं आहे ते, कोट नाही."

मग तिने सांगितलं तसं झालं. साबण बंद. अंथरूण दाराशी. रोज हलक्या हाताने ब्रश. आंघोळ बारकीकडेच, अधूनमधून, कोमट पाण्याने, कुत्र्याच्या शाम्पूने, आणि फेसाचा मागमूस राहणार नाही इतकं पाणी ओतून. डॉक्टरला विचारून जेवणात थोडं माशाचं तेल. हळूहळू भुऱ्याच्या पाठीवर चकाकी आली.

पुढचा काळा कोट शिवून झाला त्या संध्याकाळी शिंप्याची बायको स्वतः भुऱ्याला घेऊन आली. मागून शिंपी, चेहरा पडलेला. बाईंनी टेबलावर काळं कापड पसरलं, भुऱ्याला वर चढवलं आणि केसांच्या उलट्या दिशेने पाठ चोळली. दोन-चार कण पडलेच.

"आहेच की अजून!"

शिंप्याने मान खाली घातली. बारकीने त्याला म्हटलं, "भाऊ, जरा वाका." आणि त्याच्या डोक्यात बोटं घालून केस खसाखसा विस्कटले. कापडावर पीठ चाळल्यासारखं झालं!

"वहिनी, आता गोडाऊनवर कोणाला पाठवायचं?"

मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. कापड झटकून घडी केली आणि निघून गेल्या. शिंपी भुऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम विजार अल्टरला घेऊन गेलो. भुऱ्या दाराशी कापडाच्या कातरणांच्या नव्या गादीवर पसरलेला, बाई त्याला ब्रश करत होत्या. शिंपी मानेला टॉवेल गुंडाळून, हातात तेलाची बाटली घेऊन स्टुलावर बसलेला.

"अगं, माझं कधी?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी याचं होऊ दे."